सदतीस विहिरींचा लॅपटॉप

लूर्डस टीचरांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला तेव्हा तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला होता. वर रबरबँडने एक चिठ्ठी लावली होती: 'सुनावणी शुक्रवार, ११ वाजता.' चिठ्ठी त्यांनी स्वतःसाठीच लिहिली होती. दोन दिवसांत त्या इतक्या दुकानांत फिरल्या होत्या की प्रत्येक ठिकाणी तेच तेच सांगताना मुख्य गोष्ट राहून जाईल अशी त्यांना धास्ती वाटू लागली होती.

२००८ सालचा फेब्रुवारी, मंगळवारची दुपार. दुकान विरार पूर्वेला फुलपाड्यात, एका चार मजली बिल्डिंगच्या तळाला. पुढे काचेच्या काउंटरमागे जितेश बसायचा. रिचार्ज कूपनं, सिमकार्डं, मोबाइलची कव्हरं हा त्याचा प्रांत. मागे प्लायवूडचं पार्टिशन होतं आणि त्याच्यापलीकडे त्याची बायको संपदा रिपेअरिंग करायची. तिने आयटीआय केलं होतं आणि अंधेरीच्या एका कारखान्यात नऊ वर्षं टीव्हीचे बोर्ड तपासले होते. कारखाना बंद पडल्यावर ती नवऱ्याच्या दुकानात येऊन बसली. टीव्ही, इन्व्हर्टर, अॅम्प्लिफायर, मोबाइल, जे येईल ते उघडायची. गिऱ्हाइकांना मात्र वाटायचं की सगळं जितेशच करतो, आणि जितेशने कधी कुणाची समजूत बदलली नव्हती. त्यात खोटेपणा नव्हता. सवय झाली होती, एवढंच.

टीचरही त्याच्याचकडे आल्या होत्या. वर्षापूर्वी त्यांच्या चर्चचा अॅम्प्लिफायर इथेच दुरुस्त झाला होता. त्या वटार गावच्या, साठीला टेकलेल्या, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. रविवारी लॅपटॉप चालू असताना लाइट गेली. तीन तासांनी आली ती एकदम जोरात, घरातले दोन बल्ब उडाले. त्यानंतर लॅपटॉप चालूच होत नव्हता. तीन दुकानदारांनी दुसरा चार्जर लावून पाहिला आणि मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. इतक्या जुन्या मॉडेलचा बोर्ड आता मिळत नाही, असंही तिघांनी सांगितलं.

जितेशने लॅपटॉप उचलून पाहिला, खाली ठेवला आणि पार्टिशनकडे बघत म्हणाला, "टीचर, हे माझं काम नाही. त्या अॅम्प्लिफायरचंही नव्हतं. आमच्या मिसेसना दाखवा."

संपदा हात पुसत बाहेर आली. तिने आजवर एकही लॅपटॉप उघडलेला नव्हता आणि ते तिने आधीच सांगून टाकलं. डेटाच हवा असेल तर सोपी गोष्ट आहे, ती म्हणाली. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची.

"तेही करून झालं," टीचर म्हणाल्या.

लॅपटॉप त्यांच्या धाकट्या भावाचा, बेसिलचा. तो बहारीनला नोकरीला होता. त्याच्या कंपनीने जुने लॅपटॉप काढून टाकले तेव्हा त्याने हा बहिणीला पाठवला. कंपनीने डिस्कला कुलूप घालून दिलं होतं. सुरू करताना पासवर्ड टाकायचा, तो टीचरांना पाठ होता. पण ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की तोच पासवर्ड ती मानत नव्हती. म्हणजे डिस्क उघडायची तर हाच लॅपटॉप जिवंत व्हायला हवा होता.

संपदाने विचारलं, आत आहे काय एवढं?

टीचर तेव्हा कुठे स्टुलावर बसल्या. वटारच्या विहिरी गेली काही वर्षं खारट होत चालल्या होत्या. गावाच्या कडेला काही जणांनी बोअरवेल पाडून टँकरचा धंदा सुरू केला होता. दिवसभर टँकर भरून शहराकडे जायचे. जमिनीखालचं गोडं पाणी जितकं उपसलं जाईल तितकं समुद्राचं पाणी आत सरकणार, हे टीचरांनी सातवीच्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं. पण तक्रार करायला गेलं की कचेरीत एकच प्रश्न, पुरावा काय? म्हणून २००३ च्या जानेवारीपासून त्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर बाहेर पडायच्या. बेसिलनेच पाठवलेलं, पाण्यातले क्षार मोजणारं पेनाएवढं मीटर आणि छोटा कॅमेरा घेऊन सदतीस विहिरी फिरायच्या. पाणी काढायचं, मीटर बुडवायचं, पाटीवर विहिरीचं नाव, तारीख आणि आकडा खडूने लिहायचा आणि विहिरीशेजारी पाटी धरून फोटो काढायचा. पाच वर्षांत एक महिना चुकला नव्हता.

आकडे वहीतही होते. पण २००५ च्या जुलैच्या पुरात घरात कमरेएवढं पाणी आलं. लॅपटॉप कपाटावर होता, वह्या खालच्या खणात. वह्यांचा लगदा झाला. त्यानंतर सगळं लॅपटॉपवरच राहिलं. बाहेर कुठेही कॉपी नव्हती.

"तीस वर्षं मुलांना सांगितलं, प्रयोगाची नोंद दोन ठिकाणी ठेवा," टीचर म्हणाल्या. "आणि मीच ठेवली नाही."

पाच वर्षांनी पहिल्यांदा सुनावणी लागली होती, शुक्रवारी, वसईच्या कचेरीत. टँकरवाल्यांनी वकील दिला होता.

संपदाने लॅपटॉप ठेवून घेतला. टीचर गेल्यावर जितेश तिच्याशी हलक्या आवाजात बोलला. तीन जणांनी नाही म्हटलेलं काम आपण घेतलं आणि काही बिघडलं तर सगळं गाव म्हणेल, फुलपाड्यातल्या त्या दुकानात पुरावा गेला. टँकरवाल्यांशी आपली हातमिळवणी आहे असंही कुणी म्हणेल. उद्या सकाळी परत देऊन टाक. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, संपदालाही ते कळत होतं. तिने त्याला एवढंच सांगितलं की मी आधी फक्त मोजते. मोजल्याने काही बिघडत नाही.

बुधवारी सकाळी तिने सुरुवात केली ती चार्जरपासून. तो टीचरांचाच मूळ चार्जर होता, त्यावर एक हिरवा दिवा. मीटर लावलं तर व्होल्टेज बरोबर होतं. मग तिने तो लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपवर काहीच झालं नाही. पण तिची नजर चार्जरवर होती. जोडल्याबरोबर त्याचा हिरवा दिवा विझला. काढल्यावर पुन्हा लागला. तिने चार वेळा तसं केलं आणि चारही वेळा तेच झालं.

तिने जितेशला आत बोलावून दाखवलं. बोर्ड खरंच मेलेला असता, म्हणजे करंट घेतच नसता, तर चार्जरला काहीच फरक पडला नसता. दिवा विझतोय म्हणजे आत कुठेतरी शॉर्ट आहे. प्लस आणि मायनस एकमेकांना चिकटलेत आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतोय. दुकानदारांनी आपापले चार्जर लावून पाहिले होते. त्यांना कदाचित दिवाच नसेल, किंवा कुणी तिकडे पाहिलं नसेल.

"म्हणजे चांगलं की वाईट?" जितेशने विचारलं.

"चांगलं. शॉर्ट सापडतो."

मग तिने लॅपटॉप उघडला. एका थर्मोकोलच्या तुकड्यावर लॅपटॉपचा आकार काढून घेतला आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवला. कीबोर्ड निघाला, वरचं झाकण निघालं, पंखा निघाला. वायरींची टोकं इतकी बारीक होती की ती सोडवताना ती श्वास रोखून धरत होती. दहा वाजता लोडशेडिंगची लाइट गेली, तेव्हा तिने टेबल दारापाशी ओढलं आणि उजेडात काम चालू ठेवलं. स्क्रू काढायला वीज लागत नाही. एक वाजता लाइट आली तेव्हा बोर्ड तिच्या हातात होता. टीव्हीच्या बोर्डाच्या मानाने तो पोस्टकार्डासारखा हलका होता. त्याच्यावर तिळाएवढे भाग होते, शेकड्यांनी.

चार्जरची पिन जिथे जोडते तिथून तिने मोजलं. मीटरचा आकडा शून्याच्या जवळच थांबला. शॉर्ट होताच. त्या एका लाइनवर तिने मोजले तेव्हा एकेचाळीस कॅपॅसिटर निघाले, आणि त्यातला एखादाच आतून फुटलेला असणार. पण एका लाइनवरचे सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे मीटरला एकेचाळीसही शॉर्टच दिसत होते. एकेक उचकटून बघायचं तर दोन दिवस लागले असते, आणि तेवढी उष्णता तो पातळ बोर्ड सहन करेल याचा भरवसा नव्हता.

कारखान्यात अशा वेळी काय करायचे ते तिला आठवत होतं. तिथे तपासणीच्या टेबलावर कार्मिन नावाची गिरीजची एक बाई तिच्याशेजारी बसायची. तिच्या हातून शॉर्ट सुटत नसे. ती बोर्डाला अगदी थोडं व्होल्टेज द्यायची आणि बोटाने चाचपायची. फुटलेल्या भागातून सगळा करंट जातो, त्यामुळे तो गरम होतो. व्होल्टेज कमी असल्यामुळे बाकीच्यांना इजा होत नाही. मोबाइलच्या कामासाठी दुकानात पॉवर सप्लाय होताच. संपदाने तो एक व्होल्टवर आणला, दोन वायरी जोडल्या आणि सुरू केला. काटा सर्रकन दोन अँपिअरच्या पुढे गेला. तिने बोट फिरवलं. काहीच कळेना. हा बोर्ड इतका पातळ की उष्णता सगळीकडे पसरत होती.

मग तिने बोर्ड धुवायचं स्पिरिट घेतलं आणि ब्रशने सगळ्या बोर्डावर त्याचा पातळ थर दिला. गरम भागावरचं स्पिरिट आधी उडणार, ती जागा आधी कोरडी दिसणार. पण वर पंखा चालू होता आणि सगळंच एकदम वाळलं. तिने पंखा बंद केला, जितेशला सांगून शटर अर्ध्यावर ओढायला लावलं. पुन्हा स्पिरिट लावलं आणि वाकून बघत राहिली. घाम नाकावरून खाली येऊ लागला तो बाहीने पुसला.

पिनच्या जवळ एक ठिपका कोरडा झाला. तिथे एक छोटी कॉइल होती आणि तिला लागून एक कॅपॅसिटर. तिने तिसऱ्यांदा स्पिरिट लावलं, पुन्हा तोच ठिपका. तिला इतका आनंद झाला की तिने थांबून विचार केला नाही. डाख वितळवणारं हॉट एअरचं यंत्र घेतलं, तो कॅपॅसिटर उचलला आणि मीटर लावलं.

आकडा हलला नाही. शॉर्ट जिथल्या तिथे होता. आणि चिमट्यात धरलेला तो कॅपॅसिटर मोजला तर ठणठणीत निघाला.

संध्याकाळची लाइट जायची वेळ झाली होती. जितेशने आत डोकावून तिचा चेहरा पाहिला आणि तो काउंटर आवरायला गेला. तिने बोर्ड कागदात गुंडाळून डब्यात ठेवला आणि घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. तिला मनातून चोरट्यासारखं वाटत होतं. चांगला भाग उचलला होता, तोही घाईने. टीचरांचा फोन आला तेव्हा तिने खरं तेच सांगितलं, की दोष कसला आहे ते कळलंय, कुठे आहे ते अजून सापडलेलं नाही, आणि आज माझ्या हातून एक चूक झाली, ती उद्या भरून काढते.

पलीकडून टीचर म्हणाल्या, "चूक सांगणारा माणूस मला तीन दुकानांत भेटला नाही. तू कर."

गुरुवारी सकाळी संपदाने पहिल्यांदा तो चांगला कॅपॅसिटर जागच्या जागी बसवला. मग कागद घेतला आणि करंट कुठून कुठे जातो ते पेन्सिलीने काढत बसली. पिन, मग कॉइल, मग पुढे ती लाइन बोर्डभर फाटे फोडत जात होती. कागदावर काढल्यावर तिला आपली चूक दिसली. कॉइल म्हणजे दारच होतं. आत जाणारा सगळा करंट तिच्यातूनच जाणार, म्हणून ती गरम होणार. दोष तिच्या पुढे कुठेतरी होता. काल तिने पहिला कोरडा ठिपका दिसल्याबरोबर बघणंच थांबवलं होतं.

शटर अर्धं खाली, पंखा बंद. या वेळी तिने कॉइलचा भाग कापसाने झाकून टाकला आणि फक्त पुढच्या भागाला स्पिरिट लावलं. एक मिनिट काहीच झालं नाही. मग पंख्याच्या जागेजवळ बोर्डावर चिकटवलेल्या एका काळ्या पट्टीच्या कडा वाळू लागल्या. आधी एक बाजू, मग दुसरी. पट्टीच्या भोवती कोरडी चौकट तयार झाली आणि बाकीचा बोर्ड अजून ओला चमकत होता.

तिने सप्लाय बंद केला. नखाने पट्टीचं टोक उचललं आणि हळूहळू सोलली. खाली आठ कॅपॅसिटर एका रांगेत होते. भिंग लावून पाहिल्यावर पाचव्याच्या अंगावर केसाएवढी चीर दिसली आणि चिरेच्या तोंडाशी काळा डाग.

तिने जितेशला हाक मारली. त्याला भिंगातून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "एवढ्याशासाठी?"

हॉट एअर, चिमटा, चार सेकंद. तो भाग निघाला आणि बोर्डावर त्याची मोकळी जागा राहिली. तिने मीटरची टोकं लावली. आकडा शून्यावरून उठला. शंभर, चारशे, नऊशे, आणि मग हजारांच्या पुढे जाऊन स्थिरावला. शॉर्ट गेला होता. रांगेतले बाकीचे सात त्याचं काम सध्यापुरतं सांभाळून घेणार होते.

थर्मोकोलवरचे स्क्रू उलट क्रमाने निघू लागले आणि दुपारी तीनला लॅपटॉप पुन्हा लॅपटॉपसारखा दिसायला लागला. तिने चार्जर जोडला. हिरवा दिवा विझला नाही. बटण दाबलं. पंखा फिरला, आत घरघर झाली आणि स्क्रीन काळीच राहिली. वर तीन बारीक शिट्ट्या वाजल्या.

जितेश तिथेच उभा होता. तो काही बोलणार तेवढ्यात संपदा हसली. तीन शिट्ट्या वाजवायला आतला मेंदू जागा असावा लागतो. मशीन बोलत होतं म्हणजे जिवंत होतं, त्याला काहीतरी सापडत नव्हतं, इतकंच. तिने खालचं छोटं झाकण उघडून मेमरीची पट्टी काढली. कडेचे सोनेरी दात खोडरबराने घासले, पट्टी नीट खटकन बसेपर्यंत दाबली आणि पुन्हा बटण दाबलं.

स्क्रीन उजळली. वर पांढरी अक्षरं आली आणि खाली एक चौकोन. डिस्क पासवर्ड मागत होती.

तिने टीचरांना फोन लावला तेव्हा पावणेचार वाजले होते. टीचर रिक्षा करून निघाल्या. पण विरारला संध्याकाळची लाइट पाचला जायची, आणि लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच संपलेली होती. तो चालायचा तो थेट चार्जरवर. लाइट गेली की बंद, आणि आली की पुन्हा तसाच झटका. पाचच्या आत कॉपी काढून प्लग उपसायचा असं संपदाने ठरवलं. जितेशने काउंटरमधला सर्वांत मोठा पेनड्राइव्ह पाकीट फाडून काढला.

टीचर आल्या तेव्हा चार वाजून तेहेतीस मिनिटं झाली होती. चप्पल काढायचं विसरून त्या सरळ आत आल्या. संपदाने पाठ फिरवली आणि टीचरांनी दोन बोटांनी पासवर्ड टाकला. विंडोज सुरू व्हायला सहा मिनिटं लागली. मग तो फोल्डर उघडला आणि सगळी स्क्रीन छोट्या छोट्या फोटोंनी भरून गेली. विहिरी, पाट्या, विहिरी, पाट्या. टीचरांनी हात तोंडावर ठेवला.

संपदाने कॉपी लावली. जुन्या मशीनचा वेग बैलगाडीचा. पट्टी इंचाइंचाने पुढे सरकत होती. तिघंही आळीपाळीने स्क्रीनकडे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पाचला चार मिनिटं कमी असताना पट्टी पूर्ण झाली. संपदाने लॅपटॉप बंद केला, प्लग उपसला आणि पेनड्राइव्ह टीचरांच्या हातात ठेवला. मग पुढे जाऊन शटर पूर्ण वर ढकललं. लाइट गेली तेव्हा ती रस्त्यावर उभी राहून वारा घेत होती.

शुक्रवारी टीचरांनी संपदाला सोबत यायला सांगितलं. मशीन ऐन वेळी रुसलं तर मला काही सुचणार नाही, त्या म्हणाल्या. वसईच्या कचेरीत वटारची तीसेक माणसं आली होती. पांढऱ्या शर्टातले म्हातारे, नवीन साड्या नेसलेल्या बायका, आणि सर्वांत पुढे सॅन्टन. पानवेलींचा मळा खारट पाण्याने जळून गेलेला, सत्तरीचा माणूस. त्याच्याबरोबर त्याची नात नताशा, बारा वर्षांची, शाळा बुडवून आली होती.

अधिकारी बाई चष्मा लावून फाइल वाचत होत्या. टीचरांनी छापून आणलेले आकडे समोर ठेवले. पाच वर्षांपूर्वी चारशेच्या आत असलेल्या विहिरी आता अडीच हजारांवर गेल्या होत्या. टँकरवाल्यांचे वकील उठले. ते शांत आणि हुशार गृहस्थ होते. त्यांनी विचारलं की हे कागद गेल्या आठवड्यात टाइप केलेले नाहीत कशावरून?

"मूळ नोंद आहे," टीचर म्हणाल्या, आणि लॅपटॉप उघडला.

खोलीत एकच मोकळं सॉकेट होतं, कोपऱ्यात, आणि ते ढिलं होतं. प्लग लावला की खाली लोंबायचा आणि दिवा विझायचा. संपदाने तो वर दाबून धरला तेव्हा मशीन सुरू झालं. मग ती तिथेच भिंतीला टेकून, हात वर करून उभी राहिली.

फोटो दिसू लागले. वकील म्हणाले, पाटीवर तारीख काय, कुणीही लिहील. काल बसून पाच वर्षांच्या तारखा लिहिता येतात. ह्यावर अधिकारी बाईंनी मान हलवली. मुद्दा बरोबर होता.

टीचरांनी क्षणभर विचार केला आणि सॅन्टनच्या विहिरीचा फोल्डर उघडला. २००३ चा जानेवारी. विहिरीच्या कठड्यापाशी सात वर्षांची मुलगी दोन्ही हातांनी पाटी धरून उभी, पुढचे दोन दात पडलेले. पुढचा महिना, तीच मुलगी, तोच कठडा. मग पुढचा. टीचर एक बटण दाबत राहिल्या. दात आले. केस कापले, पुन्हा वाढले. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा आला. २००५ च्या ऑगस्टमध्ये कठड्यावर पुराच्या गाळाची रेघ आली आणि पुढच्या महिन्यांत पुसट होत गेली. आधी पाटी मुलीच्या गळ्यापर्यंत यायची, मग छातीपर्यंत, मग ती पाटी एका हाताने धरू लागली. पाटीवरचा आकडा तिच्याबरोबर वाढत होता. तीनशे साठ, पाचशे दहा, नऊशे, चौदाशे, शेवटी अडीच हजार. मागची हिरवीगार पानवेल आधी पिवळी झाली, मग विरळ झाली आणि शेवटच्या वर्षात नुसते बांबू उरले.

शेवटचा फोटो संपला. अधिकारी बाईंनी चष्मा काढून समोर बसलेल्या नताशाकडे पाहिलं. मुलगी लाजून आजोबांच्या दंडाआड सरकली.

"वकीलसाहेब," बाई म्हणाल्या, "हे काल बसून कसं करायचं?"

वकिलांनी उभं राहून फक्त वेळ मागितला, तो मिळाला नाही. बाईंनी आणखी चार विहिरींची नावं स्वतः यादीतून निवडली आणि मधलेच कुठले तरी महिने विचारले. टीचरांनी एकेक करून काढून दाखवले. एकही रिकामा निघाला नाही. तेवढ्यात बाईंचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं आणि ह्या अशा का उभ्या आहेत, असं त्यांनी विचारलं.

"ही संपदा," टीचर म्हणाल्या. "तीन दुकानांनी मेला म्हणून सांगितलेला हा लॅपटॉप हिने उठवला. तिने हात सोडला तर पुन्हा बंद पडेल."

"मग आटपू लवकर," बाई म्हणाल्या आणि लिहायला बसल्या.

हुकूम दुपारी दोनला हातात आला. भूजल खात्याची पाहणी पूर्ण होईपर्यंत वटारच्या हद्दीतल्या टँकरच्या पाचही बोअरवेलना सील ठोकायचं, आजच. टीचरांनी तो कचेरीच्या पायरीवर उभं राहून मोठ्याने वाचला, वर्गात वाचावा तसा, शब्द न् शब्द. 'आजच' हा शब्द लोकांनी त्यांना दोनदा वाचायला लावला. सॅन्टनने टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. मग संपदापाशी आला. तिचा उजवा हात खांद्यापासून बधिर झाला होता आणि तळव्यात प्लगच्या कडांचे लाल वळ उठले होते. तो हात त्याने आपल्या दोन्ही हातांत धरला.

"माझं पानी बोललं ना पोरी," तो म्हणाला. "तू त्याला तोंड दिलंस."

त्यांनी तिला तशीच घरी जाऊ दिलं नाही. संध्याकाळी वटारला टीचरांच्या अंगणात तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचं कालवण झालं, आणि जितेशही दुकान बंद करून आला. जेवणं व्हायच्या आधी रस्त्यावर हॉर्न वाजले म्हणून सगळे फाटकापाशी गेले. रोजच्या वेळेला टँकर आले होते, सहा, एकामागून एक. बोअरवेलच्या वाटेवर तलाठी आणि दोन पोलीस उभे होते. पहिल्या ड्रायव्हरने खाली उतरून कागद वाचला, मान खाजवली आणि मागच्यांना हाताने वळायची खूण केली. अरुंद रस्त्यावर वळताना त्यांना बराच वेळ लागला. नताशा फाटकाच्या आडव्या दांडीवर चढून मोठ्याने मोजू लागली, आणि सहावा टँकर रिकामाच खडखडत निघून गेला तेव्हा फाटकापाशी उभ्या असलेल्या सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. संपदाने डाव्या हाताने फाटकाची दांडी वाजवली, कारण उजवा अजून उचलवत नव्हता.